काशीचे सहा शेर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पूर्वी नव्हता, आणि आजही तो आहे असं मी कुणापुढे कबूल करणार नाही. आपल्या मासिकाच्या शेवटच्या पानांवर वाचकांचे असले अनुभव येतात ते मी नेमाने वाचतो, पण जेवणानंतर सुपारी चघळावी तसा. कुणाला पिंपळावर हडळ दिसते, कुणाच्या पाठीमागून पावलं वाजतात... मी आपला मनात विचारतो, बाबा रे, त्या दिवशी पोटात काय होतं? मोहाची तर नव्हती?

माझं कामच तसं आहे. जव्हार संस्थानच्या वखारीत मी काट्यावर बसतो. हिरडा, मेण, मध, डिंक, सावरीचा कापूस — रानातून जे जे म्हणून येतं ते आधी माझ्या काट्यावर चढतं आणि मग पुढे जातं. "भाऊसाहेब, पक्का मण हाय," असं शपथेवर सांगून उतरवलेली गोण सदतीस शेर भरते. (आमच्याकडे चाळीस शेरांचा मण. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो.) माणूस सांगेल ते ऐकून मान डोलवायची आणि काटा सांगेल ते लिहायचं, एवढंच मी इतकी वर्षं केलं. म्हणून पुढचं लिहिताना हात अडतो. कारण ही गोष्ट मला कुणी माणसानं सांगितलेली नाही. ती मला काट्यानं सांगितली.

मी मूळचा पोशेऱ्याचा. भात आणि नागली पिकवणाऱ्यांच्या घरात चार बुकं शिकलेला पहिला मीच. बायको काशी, तीही तिकडचीच. वखारीच्या मागे दोन खोल्या मिळाल्या होत्या, तिथं आमचा संसार. मूलबाळ नव्हतं. मला एक खोड होती — घरात येईल ती वस्तू काट्यावर घालून बघायची. भोपळा तोलला, मांजर तोललं. नवा पाटा-वरवंटा आणला तेव्हा तोही तोलला... वरवंटा बरोबर तीन शेर. काशी दारातून बघत होती. म्हणाली, "माझा रागबी तोला एकदा. बघू कुणाकडं जास्त हाय."

तर त्या काशीला उजव्या छातीत गाठ झाली. वर्षभर तिनं मला ताकास तूर लागू दिली नाही. मला कळलं ते कांडणावरून. भात कांडताना ती मुसळ डाव्या हातानं धरायला लागली. विचारलं तर म्हणे, "उजव्याला कंटाळा आलाय."

तेव्हा माझी बुधी आत्या पोशेऱ्याहून आमच्याकडे येऊन राहिली होती. वडिलांची बहीण, एकटी बाई. झाडपाल्याचं तिला पुष्कळ कळायचं आणि काशीच्या गाठीवर लेप तिनंच लावले होते. पण शेवटी माझ्याकडे येऊन सांगितलं तेही तिनंच. "गोंद्या, हे माझ्या पाल्याचं काम नाय. डाक्तरला दाव." आत्या अडाणी होती असं कुणी समजू नये म्हणून हे लिहितो आहे.

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, काखेत बोटं फिरवली आणि हात धुऊन मला पडवीत नेलं. "कॅन्सर," ते म्हणाले. मुंबईला न्या, ऑपरेशन करा, उशीर करू नका. आणखी एक म्हणाले — हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, बाईंचं ताट वेगळं मांडू नका. मी ते कधी मांडलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही वखारीत ना? मग दर आठवड्याला बाईंचं वजन घेत जा. भूक लागते का, दुखतं का, हे पेशंट घरच्यांना खरं सांगत नाही. वजन खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझ्या आवडीचंच होतं.

त्या आठवड्यापासून सुरू केलं. वखार बंद व्हायच्या वेळी काशी यायची, डोक्यावरून पदर घेऊन पारड्यात मांडी घालून बसायची आणि साखळी धरून दुसरीकडे बघायची. मी दुसऱ्या पारड्यात वजनं चढवायचो. पहिल्यांदा बेचाळीस शेर भरली. पुढच्या आठवड्यात थोडी कमी भरली, तरी मी सांगितलं बेचाळीसच. ती उतरली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "बारकं वजन काढलंत ना तुमी? खण्णकन वाजलं." मग मी तिला खोटं सांगायचं सोडून दिलं.

मुंबईला जायचं तर बैलगाडीचे धक्के तिला सोसणारे नव्हते. पोशेऱ्याचे चौघे डोलीवाले ठरवले. मोखाडा, खोडाळा करत दोन दिवसांत कसाऱ्याचं स्टेशन गाठायचं आणि पुढे आगगाडी. निघायच्या सकाळी पुन्हा तोललं. पुन्हा बेचाळीस... बहुधा आत्यानं आठवडाभर तूप-भात चारला होता. डोली दारात आली, काशी बाजेवरून उठली, आणि आत्यानं काय करावं? पाट्यावरचा वरवंटा उचलला, काशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि बाजेवर तिच्या जागी निजवला. वर गोधडीसुद्धा घातली.

मला ही चाल ऐकून ठाऊक होती. आमच्या पाड्यांवर आजारी माणसाला औषधपाण्यासाठी गावाबाहेर नेतात तेव्हा त्याचं अंथरूण रिकामं ठेवत नाहीत. घरचा वरवंटा त्याची जागा धरून बसतो. माणूस परत आलं की त्यानं आपल्या दोन हातांनी वरवंटा उचलायचा, पाट्यावर नेऊन ठेवायचा, आणि मगच आपल्या जागी निजायचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

"कशाला गं हे?" मी विचारलं.

"मानूस झिजतं ते कुठं जातं?" आत्या म्हणाली. "घराकडंच येतं. कुनी तरी ठेवून घ्यायला पायजे ना? परत आल्यावर ज्याचं त्यानं उचलायचं."

मी म्हटलं, तीन शेरांचा दगड अंथरुणात घालून कॅन्सर बरा होत असेल तर डॉक्टरांना पगार कशाला द्यायचा. काशी डोलीतून म्हणाली, "आवं, चला ना. दगडासंगं कशाला भांडता?"

मुंबईचं फार लिहीत नाही. मोठं हॉस्पिटल होतं, क्लोरोफॉर्म दिला, छाती काढली, काखेतलंही काढलं. मी धर्मशाळेत राहायचो आणि भेटीच्या वेळेला जिन्यात जाऊन बसायचो. जखम पिकली, ताप आला, ताप गेला. दीड महिना लागला. सर्जन म्हणाले, जेवढं दिसलं तेवढं काढलंय. त्या "दिसलं"वर मी गाडीत सगळी वाट विचार करत बसलो.

परत आल्यावर डोली आधी वखारीशी उतरवली. छत्तीस शेर. सहा शेर कमी. काशीनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "एक बाजू दाक्तरला दिली ना. तिचं नसंल का वजन?" तिनं चोळीच्या त्या बाजूला सावरीचा कापूस भरला होता. हसत होती. मला काही हसू आलं नाही.

घरात गेलो. बाजेवर वरवंटा होताच, गोधडी पांघरून. आत्यानं दीड महिना त्याला हलवलं नव्हतं, त्याच्या आजूबाजूनं झाडून घेत होती. काशी वाकली. पण तिचा उजवा हात खांद्यापासून सुजून जड झाला होता, कोपरापुढे उचलेना. डाव्या हातानं तिनं वरवंटा थोडा हलवला आणि सोडून दिला.

"लय जड झालाय," ती म्हणाली.

"दोन हातांनी उचल, बाय," आत्या म्हणाली. "घाई नाय. उद्या उचल."

आणि काशी जमिनीवर चटई टाकून निजली. मार्गशीर्ष चालू होता. जव्हारच्या पठारावरची त्या दिवसांतली थंडी ज्यानं खाल्ली असेल त्यालाच ठाऊक. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ऑपरेशन होऊन आलेली बाई शेणानं सारवलेल्या भुईवर कुडकुडतेय आणि दगड बाजेवर गोधडी घेऊन निजलाय! माझं टाळकं सरकलं. काशीला म्हटलं, मी उचलतो. तर म्हणाली, "नको. हात सैल पडतोय. होईल एक-दोन दिसांत."

चौथ्या दिवशी सकाळी आत्या पाण्याला गेली होती आणि काशी मागच्या दारी उन्हात बसली होती. मी आत गेलो, गोधडी भिरकावली आणि वरवंटा उचलला.

उचलला म्हणजे... माझा तोल गेला. दिवसभर वजनं उचलणारा माणूस मी. तीन शेर हाताला कसे लागतात ते मला झोपेतही कळतं. हे तीन शेर नव्हते. बाजेच्या सुंभाकडे पाहिलं तर तिथं चांगली झोळ पडली होती. मी वरवंटा तसाच लुगड्यासकट खांद्यावर टाकला आणि वखारीत नेला. तिथं महादू हमाल होता, माझ्याहून जुना माणूस. लुगडं सोडून वरवंटा पारड्यात ठेवला.

आठ शेर.

वजनांवरचे शिक्के पाहिले. पारडी रिकामी करून काटा पाहिला, सरळ होता. वरवंटा पुन्हा उचलून ठेवला. सात शेर. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. सहा. मी थांबलो नाही. काट्यावरचा माणूस एकदा पाहून थांबत नाही, त्याची सवय असते ती... आणि तीच नडली. पाच. चार. महादू म्हणाला, "भाऊसाहेब, आता नका उचलू." मी उचलला. तीन शेर. त्यानंतर कितीही वेळा ठेवला तरी तीनच.

मग कशी कोण जाणे, मला बुद्धी झाली आणि मी स्वतः पारड्यात बसलो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतःलाही तोलत असे, आणि दोन दिवसांपूर्वीच अठ्ठावन्न भरलो होतो. महादूनं वजनं चढवली. चौसष्ट.

मला वाटलं, एक शेर जुळत नाही. काट्यानं पाच जाताना पाहिले आणि अंगावर सहा आले. घरी जाऊन आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाजेवरनं उचललास ती पयली खेप. ती काट्याला कशी दिसंल?"

मी म्हटलं, "आत्या, मी तिच्यासाठीच उचलला."

"ठाऊक हाय मना. पन तिचं तू उचललंस, गोंद्या."

त्या दिवशी काशी बाजेवर निजली आणि मला म्हणाली, "ऊब हाय."

पुढचे महिने मी विसरू म्हणता विसरू शकत नाही. जखम भरली. डॉक्टर खूश होते. काशी जेवायची, नागलीची भाकर दोन वेळा खायची, दूध प्यायची. पण दर आठवड्याला काटा छत्तीसच दाखवायचा. आणि मी? बायकोच्या चिंतेनं माझा घास उतरत नव्हता, तरी चौसष्टाखाली उतरायला तयार नाही. सदरा दंडात रुतायला लागला. बाजारात लोक बोलायचे, "बायको दुखणाईत आन भाऊसाहेब गब्बर." त्यांच्यात मिसळून मीही हसायचो. घरी आलो की मला स्वतःच्या अंगाची किळस यायची. तिचं खाऊन मी बसलो होतो, असंच मला वाटायचं.

आत्यानं उपाय एकदाच सांगितला. जसं आलं तसं जाईल. मी आजारी माणसासारखं डोलीत बसून शिवेबाहेर जायचं, पोशेऱ्याला एक मुक्काम करायचा, परत यायचं. बाजेवर माझ्या जागी वरवंटा राहील. आता काशीचा हात सुधारलाय, तो वरवंटा तिनं उचलायचा. मी ऐकलं नाही. संस्थानचा कारकून, धडधाकट पुरुष, दगडासाठी डोलीत बसणार?... होळीच्या सुमाराला एका आठवड्यात काशी चौतीस भरली. त्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं, "डोलीवाल्यांना निरोप धाड."

चौघे तेच आले. माझ्याकडे नीट बघून त्यांतला म्होरक्या म्हणाला, "आजारी कोन हाय?" बाजारातून जाताना लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. मी डोळे मिटून घेतले. पहिल्या चढावरच ते थांबले आणि खांदा बदलला. "दोन मानसं बसल्यागत लागतंय," म्होरक्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी परतताना तेच चौघे, तीच वाट, आणि कुणी खांदाच बदलेना. वाटेत एकानं वाकून आत पाहिलं. म्हणाला, "भाऊसाहेब हायत का ते बघत होतो."

मला खरोखर उभं राहवत नव्हतं. काशी दारात होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला हाताला धरून आधी वखारीत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला तोललं. महादूनं वजनं सांगितली. चोपन्न.

काशीला लिहिता येत नव्हतं, पण डोईवर भारे वाहून तिचा हिशेब पक्का होता. "माझे सहा गेले," ती म्हणाली, "आन तुमचे चार."

"जाऊ देत. तू उचल."

घरी आलो. वरवंट्याखाली बाज खाली झोळली होती. काशीनं दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. आता ती उचलणार म्हणून मी दाराला टेकून उभा राहिलो. तिनं हात काढून घेतले.

"तुमी उचला."

त्यावरून आमचं जे भांडण झालं तसं उभ्या संसारात झालं नव्हतं. ती उचलेना, मी उचलेना. ती जमिनीवर निजली म्हणून मीही जमिनीवर निजलो. वरवंटा बाजेवर. आत्या दोघांकडे बघायची आणि चुलीशी जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी काशीनं माझा हात धरला आणि आपल्या काखेत ठेवला. शिवणीच्या कडेला, चिंचोक्याएवढी. कडक.

"महिना झाला," ती म्हणाली. "मानेशीबी एक हाय."

मी म्हटलं, पुन्हा मुंबईला जाऊ. ती म्हणाली, "जाऊ. पन आधी हे उचला." तिनं मला उठवलं, बाजेशी उभं केलं आणि स्वतः उशाशी बसली. "उचला," ती म्हणायची. मी उचलायचो. "ठेवा." मी ठेवायचो. पोरांना कवायत शिकवावी तसं. चार वेळा झालं आणि माझ्या पायांत जोर आल्यासारखा वाटला.

"तुमचे तुमाला पोचले," काशी म्हणाली. "आता माझे."

मी थांबलो. "आता तू उचल. उरले ते तुझेच आहेत. माझं काही जात नाही त्यात."

"मी घेऊन काय करू? माझ्यासंगं जळून जातील." तिनं वरवंट्यावरच्या कापडाची घडी नीट केली. "तुमच्यापाशी ठेवा. मी गेल्यावर घरात माझं काय तरी राह्यला नको का?"

मी रडलो हे लिहायला मला लाज वाटत नाही. रडत रडत सहा वेळा उचलला. शेवटच्या वेळी तिनं तिचा पुन्हा सुजलेला हात कसाबसा वर आणला आणि माझ्या हातावर ठेवला. मग वरवंटा पाट्यावर नेला आणि लसूण-मिरचीची चटणी वाटली, मी वाटली. तिनं चाखून सांगितलं, मीठ कमी आहे.

मुंबईला पुन्हा गेलो. त्यांनी तपासलं आणि कापलं नाही. मॉर्फिया लिहून दिलं. वैशाखात काशी गेली, दिवसा, बाजेवर, माझ्या मांडीवर डोकं होतं. तिला उचलून खाली घेतलं तेव्हा हाताला काहीच लागलं नाही, इतकी ती हलकी झाली होती.

त्याला आता अकरा वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पारड्यात बसतो आणि दर वेळी चौसष्ट भरतो. तीन वर्षांपूर्वी विषमज्वरानं एकवीस दिवस पडलो होतो. अंगावर नुसती हाडं राहिली. डिस्पेन्सरीतल्या नव्या डॉक्टरांनी वखारीत आणून तोलायला लावलं. चौसष्ट. ते म्हणाले, तुमचा काटा बिघडलाय, दुरुस्त करून घ्या. मी बरं म्हटलं. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळ टोचलं. घरात जागा नाही, असं सांगून मी वेळ मारून नेई, आणि ते थट्टेत घेत.

हे सगळं मी आजवर पोटात ठेवलं होतं. आता लिहितो आहे ते गेल्या महिन्यामुळे.

पहिल्या तारखेला पारड्यात बसलो. महादू आता नाही, दुसरा हमाल आहे. त्यानं चौसष्ट मांडले तर माझं पारडं वरच. त्याला एकेक वजन उतरवायला लावलं. अठ्ठावन्नाला काटा सरळ झाला. वजनं तपासली, पारडी तपासली. ना ताप, ना खोकला. भूक नेहमीची. आदल्या महिन्याला चौसष्ट होतो... मी घरी धावलो असं म्हटलं तरी चालेल, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. वरवंटा घेतला, काट्यावर आणला. तीन शेर. म्हणजे त्यातही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की काशी मेली. वखारीच्या पायरीवर बसून राहिलो. दुपारचं जेवलो नाही.

संध्याकाळी घरात गेलो. बाज भिंतीशी होती. चारच दिवसांपूर्वी ती नव्या सुंभानं विणून घेतली होती, ताशासारखी ताणून. मी तिच्यावर अजून निजलोही नव्हतो, सुंभाचा वास जावा म्हणून नुसती ठेवली होती. ती मधोमध झोळली होती. फार नाही. केवढा भार घातला की केवढी झोळ पडते, हे मी एकदा नीट पाहिलेलं आहे. मी हात लांब केला, आणि मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याला गेलो. आत्या आहे अजून, डोळे गेलेत. तिला सांगितलं. ती बराच वेळ माझा दंड चाचपत बसली, बाजारात कोंबडी चाचपतात तशी. मग म्हणाली, "मना नको विचारू. मना वरवंट्यापुरतं ठाऊक हाय."

तेव्हा उत्तर तिच्याकडेही नाही. डॉक्टरांना विचारायची सोय नाही. वाचकांपैकी कुणी शिकलेला माणूस याचा काही उलगडा करू शकत असेल तर त्यानं जरूर करावा, मी वाचीन. पण मला पटेल असं वचन देत नाही. काटा बरोबर होता एवढं मी कुठेही सांगायला तयार आहे.

सध्या मी जमिनीवर चटई टाकून निजतो. थंडी पडायला लागली आहे म्हणून बाजेवर गोधडी घातली आहे. बाज उचलून वखारीत न्यावी आणि रिकाम्या बाजेचं वजन वजा करून बघावं, असं रोज सकाळी एकदा मनात येतं. दोन हमाल लावले की पाच मिनिटांचं काम आहे. पण मी नेलेली नाही. या घरात आलेली ही एकच गोष्ट मी तोललेली नाही.